झाडाच्या आत बुरशी म्हणजे रोगच, हे खरे नाही

‘निरोगी झाड आतून निर्जंतुक असते, आत बुरशी आढळली की तो रोगच, म्हणून दर पंधरवड्याला आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषले जाणारे) बुरशीनाशक फवारावे,’ असा सल्ला शेतकऱ्यांमध्ये सर्रास फिरतो. त्यावर विसंबून पदरचे पैसे खर्च होतात, म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

झाड आतून निर्जंतुक असते, हे तर मुळातच चूक आहे. आंब्याचे डाग नसलेले, धडधाकट पान अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटने वरून निर्जंतुक करून, स्वच्छ पाण्याने धुऊन, त्याचे तुकडे अगारच्या (बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) बशीत ठेवले, तर काही दिवसांत कापलेल्या कडांतून बुरशीचे तंतू बाहेर डोकावू लागतात. धुतल्याचे शेवटचे पाणी वेगळ्या बशीत घातले आणि तिथे काहीच उगवले नाही, म्हणजे ही बुरशी पानाच्या आतलीच होती हे नक्की होते. अशा अंतर्वासी जीवांना एंडोफाइट म्हणतात.

आतली बुरशी म्हणजे रोगच, या विधानात थोडे तथ्य आहे. करपा रोगाची बुरशी कोवळ्या आंब्याच्या सालीत शिरून फळ पिकेपर्यंत सुप्त राहते, हे नाकारता येणार नाही. पण अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये, गरम झऱ्यांलगतच्या तापलेल्या जमिनीत वाढणारे एक गवत कर्व्ह्युलेरिया बुरशीच्या आधारानेच तग धरते. प्रयोगात मुळांशी रोज काही तास ६५ अंश सेल्सिअस तापमान ठेवले, तेव्हा बुरशी असलेली रोपे जगली आणि नसलेली मेली. २००७ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट उघड झाली: त्या बुरशीच्या आत एक विषाणू राहतो, आणि तो काढून टाकला की बुरशी असूनही गवताला उष्णता सोसत नाही.

राहिला फवारणीचा सल्ला. पनामातल्या कोको रोपांवरील २००३ च्या अभ्यासात, ज्या पानांत अंतर्वासी बुरशी नव्हत्या, त्यांचेच फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगकारक जीवाने अधिक नुकसान केले. म्हणजे निदान न करता केलेल्या फवारणीत झाडाचा राखणदारही मारला जाऊ शकतो. आपल्याकडचा ऊस उत्पादक तर बेणेप्रक्रियेसाठी, म्हणजे लागवडीआधी बेण्यावर करायच्या प्रक्रियेसाठी, ॲसिटोबॅक्टरचे जिवाणू संवर्धक विकत आणतो, कारण हा जिवाणू उसाच्या आत राहून हवेतला नत्र स्थिर करतो. रासायनिक बेणेप्रक्रिया आधी आणि जिवाणूंची नंतर, हा क्रमही तो पाळतो, कारण आत सोडायचा जीव जिवंत राहायला हवा.