नळातला कचरा मोरबेचा? आधी वाटीत घेऊन बघा

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "नळातून येणारे कण म्हणजे मोरबे धरणाचा गाळ. पालिका पाणी न गाळताच सोडते. टाकीत तुरटीचा खडा टाका, नळाला सुती कापड बांधा आणि टीडीएस मीटर लावा. आकडा शंभरच्या आत आला तर बिनधास्त प्या." एवढ्याशा मेसेजात इतक्या चुका बसवायलाही कसब लागतं.

गाळाचंच आधी घेऊ. मोरबेचं पाणी थेट आपल्या नळाला येत नाही. खालापुरातून ते भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं. तिथे रसायन घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी गाळतात, मग क्लोरीन देतात. त्यातूनही माती निसटलीच, तर ती इतकी बारीक असते की सगळं पाणीच मातकट दिसतं. तपकिरी पापुद्रे आणि काळे ठिपके धरणातून इथवर येत नाहीत, ते वाटेत तयार होतात.

म्हणून नळाच्या तोंडाची जाळी काढा, तिच्यात अडकलेलं पांढऱ्या वाटीत झटका आणि बघा. तपकिरी कण चोळल्यावर बोटाला तांबूस डाग पडला, तर तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा गंज. सिडकोच्या जुन्या इमारतींत हे नेहमीचंच. शटडाऊननंतर पाणी जोरात परत आलं की पाइपात बसलेला गंज सुटतो. काळा, मऊ, काजळीसारखा पसरणारा कण बहुधा रबराचा असतो: वॉशर किंवा बेसिनखालच्या कनेक्शन पाइपचं आतलं अस्तर. क्लोरीनमुळे ते वर्षानुवर्षं झिजतं. पाइप बदलला की प्रश्न मिटतो, तुरटीने तो मिटणार नाही. पांढरे तुकडे व्हिनेगरमध्ये टाका. फसफसले तर क्षार, बहुतेकदा गीझरमधले, आणि सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर हमखास. फसफसले नाहीत तर प्लंबरने पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा चुरा किंवा टेपचे तुकडे असतील.

जागाही अशीच सापडते. फक्त गरम पाण्यात कचरा असेल तर गीझर, एकाच नळाला असेल तर तो नळ किंवा त्याचं कनेक्शन, घरभर असेल तर गच्चीवरची टाकी किंवा तिथून उतरणारा पाइप, आणि सगळ्या विंगांना असेल तर तळटाकी. तळटाकीतली वाळू पंपाबरोबर वर चढते, आणि ती धुवायचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवेळी पुढे ढकलला जातो, हे काय सांगायला हवं!

तुरटीचं काम गढूळपणा खाली बसवण्याचं. त्यासाठी योग्य प्रमाण, ढवळणं आणि मग पाणी स्थिर राहणं लागतं. गच्चीवरच्या टाकीत पंप दिवसातून दोनदा सगळं घुसळतो. बसलेला साका तिथेच राहतो आणि पुढच्या वेळी नळातून खाली येतो.

कापडाबद्दल इतकंच: कायम ओलं राहिलेलं फडकं जंतूंना घर देतं. बांधायचंच तर रोज काढून धुवा, वाळवा.

टीडीएस मीटरचा गैरसमज सगळ्यात घातक. तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. गंजाचा पापुद्रा, वाळू, जंतू त्याला दिसतच नाहीत. मोरबेच्या पाण्यात क्षार मुळातच कमी. त्यात गटाराचं थोडं पाणी मिसळलं तरी आकडा शंभरच्या आत राहू शकतो.

आणि खरी भीती तिथेच आहे. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे पाण्याला घाण वास आला, तर कण असोत-नसोत, ते पिऊ नका, आरओवरही भरवसा ठेवू नका. तळटाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, विभाग कार्यालयात तक्रार द्या आणि टाकीत पाणी पडतं तिथेच क्लोरीन तपासून मागा. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं.