ठमीची ताटली

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मोठी पोस्ट हाये, वाचायची तर वाचा राजेहो, नाहीतर पुढं जा.

पुण्याची भाची सुट्टीत आलीये. बारावीला गेली यंदा, हुशार पोट्टी, माझी लाडकी, ते सगळं मान्य. पण आज सकाळी आई नेहमीसारखी चुलीजवळ बसून ज्वारीची चतकोर भाकर दुधात कुस्करत होती आमच्या मांजरीसाठी, ठमीसाठी, अन् ही आली आणि आईच्या हातातली जर्मनची ताटली सरळ ओढूनच घेतली. "आजी, अगं काय करतेस, हे असलं खाऊ घालून तू मारशील तिला! मागच्या पोळ्याला आजारी पडली होती ना ती, कशानं पडली मग?"

आई काहीच बोलली नाही. बोटं दुधानं भरलेली होती, ती पदराला पुसली, मग म्हणाली, "नाई देत बाई. तुह्या मांजरीले तूच चार आता." दुपारी तिनं स्वतः अर्ध्याच भाकरीवर ताट सारलं. अन् ठमी दिवसभर चुलीपाशी जाते, वास घेते, रांजणाखालच्या ओल्या रेतीत येऊन बसते, पुन्हा जाते. तिले काय समजते कोण पुण्याहून आलं न् कोण नाही.

मले राग याचाच आला की बहात्तर वर्षांच्या बाईच्या हातातली ताटली ओढायची हिंमत होते कशी. आमच्या घरात जो कोणी दारात उभा राहिला त्याला घास मिळतो. पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची, पितृपक्षात कावळ्याचं पान. मांजराचं नाव त्या यादीत कुठंच नाही, म्हणून मांजर आपलं आपण घेते, ते सोडा. पण ताटातला घास देणं म्हणजे पाप झालं काय आता?

भाचीनं येतानाच बॅगेत मांजराच्या खाण्याचं पॅकेट आणलं होतं. तपकिरी गोळ्या, वास असा की मीच नाक धरलं. किलोचा भाव ऐकला तर तुरीच्या डाळीहून महाग. आम्ही तूर पिकवतो, आम्हालाच इथं डाळ विकत घेताना घाम फुटतो. ठमीनं दोन गोळ्या हुंगल्या, एक पंजानं लोटली ती फ्रिजखाली गेली, झालं.

आणि हे पॅकेटवाले शहाणे काही जन्मापासून शहाणे नव्हते बरं. मांजरीला टॉरिन नावाचं काहीतरी लागते, ते मांसातूनच मिळते, तिचं शरीर स्वतः पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की हृदय ढिलं पडते, नजर जाते. अमेरिकेत पॅकेटवरच वाढलेल्या मांजरी हृदयाच्या रोगानं मरत होत्या, आणि कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिलं की पॅकेटातच टॉरिन कमी पडते. तेव्हापासून कंपन्या ते जास्त टाकायला लागल्या. म्हणजे १९८७ पर्यंत डबा खाणाऱ्या मांजरीपेक्षा आमच्या आज्याच्या कोठ्यातली मांजर बरी होती, ती उंदीर खायची. ठमीही खाते. सोयाबीनच्या कट्ट्यांमागून रात्री धरते, सकाळी ओसरीवर फक्त शेपूट आणि ती हिरवट पित्ताची गाठ ठेवून जाते, आई खराट्यानं लोटते न् रोज एकच वाक्य, "कामाची हाये माय माही." उंदरात टॉरिन भरपूर. भाकर तर तिची तोंडी लावायची गोष्ट.

हां, नवव्या मजल्यावरच्या मांजरीला उंदीर कुठून मिळन, तिला पॅकेटच बरं, तेवढं देतो तुमच्या पदरात.

दुधाचंही तसंच. मोठ्या मांजरींना बहुतेकींना दूध पचत नाही, पोट बिघडते, भाचीनं मोबाईलवर दाखवलं. खरं असन. आई अर्धं पाणीच घालते त्यात, अन् ठमीचं पोट आजवर दुधानं बिघडलेलं मी पाहिलं नाही. पण पचत नसन तर नाही घालणार, त्यात काय. ते सांगायची रीत असते ना. ताटली ओढून सांगायचं काय?

होळीची गंमत सांगतो. आईनं पुरणपोळीचा तुकडा तूप लावून दिला होता ठमीले. तिनं काय केलं, वरचं तूप असं चाटून चाटून साफ केलं की पोळी चकचकीत, आणि पुरणाला जीभसुद्धा लावली नाही. आई म्हणे, "नखरे पाय हिचे." नखरे नव्हते ते. मांजराले गोडाची चवच कळत नाही, जिभेवर ती सोयच नाही त्यांच्या, २००५ साली शोधून काढलं शास्त्रज्ञांनी. आमच्या ठमीनं एका ताटलीत दाखवलं असतं.

तर पोळा. भाचीनं सकाळी पोळ्याचं नाव काढलं तेव्हापासून मी खरं म्हणजे त्याच्यातच अडकलोय. वर इतकं लिहिलं ते सगळं त्याच्याभोवतीच चाललंय, तुम्हालाही समजलं असन.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. आमच्याकडं करीले मटण असतेच. लसूण, खोबरं, अन् दोन किलो कांदा भाजून वाटलेला, वर बोटभर तर्री. मी ओसरीवर जेवत होतो, ठमी मांडीला डोकं घासत होती. मी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला न् ठेवला तिच्यापुढं. खाल्ला! मग दुसरा, तिसरा. मी मोबाईल काढला, व्हिडिओ केला, "आमची वऱ्हाडी वाघीण, तर्रीशिवाय जेवत नाही" असं लिहून इथंच टाकला. आठवते काय कोणाले? सगळे हसले होते. "भाऊ एक नंबर", "ठमीले मिरची लागत नाही काय बे". दोनशेच्या वर लाईक. माझ्या कापसाच्या भावावरच्या पोस्टवर कधी वीसही आले नाहीत.

मग काय, चेकाळलो. दुसऱ्या दिवशी शिळा रस्सा जास्तच मुरतो, पुन्हा घातला. तिसऱ्याही दिवशी.

पाचव्या दिवशी ठमी उठेना. कट्ट्यांच्या सांदीत जाऊन पडली, डोळे अर्धे मिटलेले, श्वास भराभरा. आई रात्रभर तिच्याजवळ कंदील घेऊन, लाईट नव्हती. सकाळी तिला पिशवीत घालून मोटरसायकलवर तालुक्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं आधी एक बैल, मग दोन बकऱ्या, मग आमचा नंबर. डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला, हिरड्या पांढऱ्याफटक, कापसाच्या बोंडासारख्या. लघवी कशी होते विचारलं, मी म्हटलं काळपट, कोऱ्या चहासारखी. त्यांनी एकच विचारलं, "कांदा खाल्ला काय हिनं?"

कांद्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून पूड केलेला असो, सारखंच. लसूण तर त्याहून वाईट. अन् लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी जनावर बसते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही कशानं झालं ते. तीन किलोच्या जीवाले चमचा-दोन चमचे कांदासुद्धा खूप झाला म्हणे, अन् मी तीन दिवस भाकरीनं पुसून पुसून घातलेला. सलाईन लावलं, आठ दिवस गेले, वाचली. नशीब तिचं.

(डॉक्टरांनी अजून एक सांगितलं होतं, ते इथं सांगून ठेवतो. तापाची माणसाची गोळी मांजरीला कधीच नाही, पाव सुद्धा नाही. आई तेच करणार होती आदल्या रात्री, घरात गोळी नव्हती म्हणून राहिलं. अन् शिजलेली हाडकं पण नाही, त्याची कुसळं होतात.)

आता जे लिहितो ते लिहू का नको असं झालं होतं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय निंगालं?" मी म्हटलं, खाण्यातून काही झालं. एवढंच. पुढं बोललो नाही. आईनं मनानंच धरलं की तिच्या दुध-भाकरीनं झालं. पंधरा दिवस तिनं ठमीला दूध दिलं नाही, मग ठमीनंच घर डोक्यावर घेतलं तेव्हा पुन्हा सुरू केलं, तेही अर्धं पाणी घालून. हे अर्धं पाणी तेव्हापासूनचं हाये. अन् मी दररोज ते पाहतो.

म्हणून आज भाची "कशानं पडली मग" म्हणाली, आईनं बोटं पदराला पुसली, तेव्हा मी चार हातांवर खाटेवर बसलो होतो. मले एक शब्द बोलायचा होता, बोललो नाही. उलट दुपारभर भाचीवर खेकसलो. पोट्टी रडली. ती चूक होती ताटली ओढण्यात, अजूनही म्हणतो. पण तिनं व्हिडिओ पाहिला असता तर तिनं माझ्या हातातली ओढली असती, अन् बरोबर केलं असतं.

आमच्या घरी ठमीला ताटातलं मिळणारच. उद्या बाजार हाये, झिंगे आणतो, धुऊन, बिनमिठाचे उकळून. अंड्याचा बलक. मटण शिजायच्या आधी दोन तुकडे बाजूला, बिनकांद्याचे. आईच्याच हातानं.

तो व्हिडिओ आत्ता काढून टाकला. दोनशे लाईक गेले.

लाईट गेली, कूलर बंद पडला, म्हणजे आई जागी झाली असन. बाहेर बाजेवर तिचा पंखा हलताना दिसतोय, ठमी तिच्या पायाशी. जातो, सांगून येतो.