खालचा टप्पा आणि ती 25 मिनिटे: आपल्या अभिप्रायास उत्तर

सस्नेह नमस्कार.

चुनखडीच्या जुन्या खाणींतील आमच्या पायी फेरीबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. दोन तासांची फेरी दीड तासात गुंडाळली, खालचा टप्पा दाखवलाच नाही, दगडावरच्या रेघोट्या दाखवण्यात वेळ घालवला आणि पुढच्या गटासाठी आपल्याला बाहेर काढले, असे आपण लिहिले आहे. आपला हिरमोड झाला याबद्दल मी दिलगीर आहे. खालचा टप्पा बंद असल्याचे आधी कळवायला हवे होते; ती चूक आमचीच.

मात्र 'गुंडाळली' हा शब्द मनाला फार लागला, म्हणून वेळेचा हिशेब मांडणे भाग आहे. फेरी सकाळी 9 ते 11 अशी होती आणि तसा निरोप आपल्याला आदल्या संध्याकाळी दिला होता. आपण 9 वाजून 25 मिनिटांनी पोहोचलात. तोवर वेळेवर आलेली मंडळी शिरस्त्राणे घालून फाटकाशी ताटकळत उभी होती. त्यांना 11 नंतर थांबणे शक्य नव्हते, म्हणून फेरी ठरल्या वेळी संपवली. पुढचा गट तर दुपारी 3 चा होता, त्यामुळे त्यांच्यासाठी आपल्याला घाई करण्याचा प्रश्नच नव्हता.

खालच्या टप्प्याचे कारण वेगळे आहे. चुनखडीच्या थरांमध्ये मातीचे पातळ पापुद्रे असतात; पावसाचे पाणी फटींतून तिथवर मुरले की ती माती निसरडी होते आणि वरचा दगड सुटू शकतो. आदल्या दोन दिवसांच्या पावसामुळे आमच्या वाटाड्याने त्या सकाळी कडा हातोडीने ठोकून पाहिला. एकसंध दगड खणखणीत वाजतो. वळणापाशी मात्र हातभर रुंदीच्या पट्ट्यात आवाज बद्द आला, म्हणजे तो थर मागून सुटला होता. तिथे आम्ही दोर बांधला, आणि छायाचित्रासाठी आपण तो ओलांडलात तेव्हा वाटाड्याचा आवाज चढला असेल, तर तो काळजीपोटी होता.

ज्यांना आपण रेघोट्या म्हटलेत, त्या छिन्नीच्या खुणा आहेत. खाणीतून नुकताच काढलेला चुनखडीचा दगड आतल्या ओलाव्यामुळे तुलनेने मऊ असतो व हवेत वाळताना टणक होतो, म्हणून पाथरवट त्याची घडाई लवकर उरकत. ती घाई त्या तिरप्या घावांत दिसते. माझ्या दृष्टीने सबंध फेरीत याहून मोलाचे दाखवण्यासारखे काही नाही.

आमचा व्यवसाय लहान आहे. एका अभिप्रायावरून येणारे लोक थांबतात आणि त्यावर काही घरे चालतात, एवढे ध्यानात घ्यावे. पूर्वसूचना देण्याच्या पद्धतीत योग्य तो बदल आम्ही करतच आहोत. आपण पुन्हा यावे, ही विनंती. 9 ला पाच मिनिटे कमी असताना मी स्वतः फाटकाशी उभा असेन.