‘पीडितांचं काय?’ या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. अटकेनंतरच्या हक्कांवरच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं: आरोपींचा कैवार घेणाऱ्यांना पीडितांचं दुःख दिसत नाही, कसाबला आपण बिर्याणी खाऊ घातली, आणि हैदराबादच्या पोलिसांनी २०१९ मध्ये एका तरुणीवरच्या बलात्कार-खुनाच्या चार आरोपींना चकमकीत ठार मारलं, तेच योग्य.

पीडितांपासूनच सुरुवात करतो. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. तिथे पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. जबर जखमी झालेली आई वाचली. पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंमधून तिने चार जण ओळखले. तपास त्या चौघांकडे वळलाच नाही. पकडले गेले भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सगळ्यांना फाशीच दिली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

आता सांगा, त्या आईला काय मिळालं? ती ज्यांच्याकडे बोट दाखवत होती त्यांची साधी चौकशी झाली नाही आणि भलतीच माणसं जवळपास १६ वर्षं तुरुंगात राहिली. भलत्याला पकडलं की खऱ्याचा शोध तिथेच थांबतो. म्हणून आरोपीचा हक्क आणि पीडितेचा न्याय हे मला एकमेकांचे वैरी वाटत नाहीत. आणि भलता म्हणून पकडला जातो तो कोण, हेही पाहा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पाल ठोकून राहिलेल्यांनाच आधी उचलतात. त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नसतात.

राज्यघटनेच्या कलम २२ चं काम इथे आहे. अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करा. कलम २०(३) म्हणतं, कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडू नका. मारून वदवून घेतलेला कबुलीजबाब तपास बिघडवतो, म्हणून हे नियम आहेत.

हैदराबादच्या चकमकीची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने केली. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर, आपल्या विदर्भातले. आरोपींना ठार मारण्याच्या हेतूनेच जाणूनबुजून गोळ्या घातल्या गेल्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा या आयोगाचा निष्कर्ष आहे. ते दोषी होते की नव्हते, हे आता कोणतंही न्यायालय सांगू शकणार नाही. त्या मुलीच्या आईवडिलांनाही ते कधीच कळणार नाही.

बिर्याणीची गोष्ट आपण रचली होती, असं कसाबच्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. कसाबला वकील दिला, पुरावे तपासले, अपिलं ऐकली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशीही झाली. त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन कसाबला जिवंत पकडलं म्हणून हा खटला उभा राहू शकला. पकडलेल्याला तिथेच गोळी घालावी, असं म्हणताना त्यांच्या बलिदानाचं आपण काय करतो?

खटले वर्षानुवर्षं रखडतात, ही तुमची तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या राहतात, न्यायसहायक प्रयोगशाळांचे अहवाल वेळेवर येत नाहीत, साक्षीदार तारखांना कंटाळून यायचे थांबतात. तुमचा राग तिथे वळवा, मी तुमच्याबरोबर आहे.