वाढलेली किंमत आणि न झालेली विक्री

ठाणे-नवी मुंबईतल्या गृहसंस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: पगारदार दरमहा कर भरतो, पण घराची किंमत लाखांनी वाढूनही मालक विकेपर्यंत काहीच भरत नाही, तो वारला की हा नफा कायमचा करमुक्त होतो, रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागांचे दर, असल्याने वाढ मोजणे सोपे आहे, म्हणून वाढीव किमतीवर दरवर्षी कर लावावा, म्हणजे कर नसल्याने घोडबंदर रस्त्यावर कुलूपबंद ठेवलेले फ्लॅट विक्रीला येतील.

यातला मृत्यूचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. तो अमेरिकेतून उचललेला दिसतो. तिथे मालकाच्या मृत्यूनंतर, विक्रीतला नफा मोजताना, वारसासाठी घराची खरेदी किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरतात, त्यामुळे हयातीतली वाढ खरोखरच निसटते. आपल्याकडे वारसाला वडिलांची, आणि त्यांनाही घर वारशानेच मिळाले असल्यास आजोबांची, मूळ खरेदी किंमत धरावी लागते; खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य घेता येते, एवढेच. नौपाड्यातली जागा दोन पिढ्या विकली नाही, तरी विक्रीच्या वेळी 2001 पासूनची सारी वाढ हिशेबात येतेच. थांबल्याने कर लांबतो, बुडत नाही.

मोजण्याच्या सोपेपणाविषयी. एप्रिल 2025 मध्ये ठाण्याचे रेडी रेकनर दर सरासरी 7.72 टक्क्यांनी वाढले. त्याआधीची दोन वर्षे ते बदललेच नव्हते. त्या दोन वर्षांत ठाण्यात घरांची किंमत वाढलीच नाही, असे मजकूर लिहिणारा तरी म्हणेल काय? शिवाय विक्रीची किंमत रेडी रेकनरपेक्षा 10 टक्क्यांपर्यंत कमी असली तरी आयकर कायदा ती मान्य करतो. ज्या मोजपट्टीत कायद्यानेच 10 टक्क्यांची सूट गृहीत धरली आहे, तिच्यावर 7.72 टक्क्यांची वाढ मोजून कर कसा आकारणार?

तरीही आकारला, असे समजू. 1 कोटीच्या घराची वाढ 7,72,000 रुपये आणि विक्रीवर आज लागणाऱ्या 12.5 टक्के दराने कर 96,500 रुपये होईल. महिना 30,000 रुपये निवृत्तिवेतन असलेल्या आजींनी तीन महिन्यांहून अधिकचे उत्पन्न द्यायचे, आणि तेही ज्या घरात त्या राहतात त्याच्या कागदावरच्या वाढीसाठी. पगारदाराचा कर हाती आलेल्या पगारातून कापला जातो. इथे कापायला काही आलेलेच नसते. पुढे भाव उतरले तर भरलेला कर परत मिळेल का, यावर मजकूर गप्प आहे.

कुलूपबंद फ्लॅटवर कर नसतो, हेही अर्धेच खरे. स्वतःच्या वापराची दोन घरे सोडून तिसऱ्या घराचे अपेक्षित भाडे, ते रिकामे असले तरी, उत्पन्नात धरले जाते. त्याची वसुली नीट होते का, हा प्रश्न रास्त आहे, पण त्यासाठी नवा कर लागत नाही.

नफा खरोखर निसटतो तो दुसऱ्या दाराने. घर विकून ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतले की भांडवली नफा करमुक्त होतो, आणि 2023 च्या अर्थसंकल्पाने या सवलतीला घातलेली मर्यादा आहे 10 कोटी रुपयांची. त्या आकड्याविषयी मजकुरात एक शब्दही नाही.