जरा धरता का?

जनावरांचे डॉक्टर बोलायला फार मृदू असतात. त्यांच्या तोंडून धोकादायक असं एकच वाक्य निघतं आणि तेही अगदी सहज, शेजाऱ्याकडे रुमाल मागावा तसं: "जरा धरता का?"

काय धरायचं, कुठून धरायचं आणि धरलेल्या वस्तूचं वजन किती, हे त्या वाक्यात नसतं. 'जरा' ही तर निव्वळ फसवणूक. मी आयुष्यात जे जे 'जरा' धरलंय, ते सगळं अर्ध्या तासाच्या वर चाललंय.

सुट्टीसाठी मामींकडे गेलो होतो. पहाटे साडेपाचला मामींनी अशी हाक मारली की मी चादरीसकट उभा राहिलो. चांदणी गाय रात्री दावं सोडवून दंवानं भिजलेल्या लसूणघासात शिरली होती आणि पोटाला तड लागेपर्यंत तिनं ते रान साफ केलं होतं. आता ती गोठ्यात मान ताणून उभी होती. रवंथ बंद. डावी भकाळी फुगलेली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या खळगीला भकाळी म्हणतात, हे मला त्या पहाटेच कळलं. खळगीनं खोल असावं एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. चांदणीची भकाळी पाठीच्या कण्याच्या बरोबरीला आली होती. मामींनी तिच्यावर टिचकी मारली तर ढोल वाजला.

मामींनी डॉक्टरांना फोन लावला. तोवर मी तेलाची बाटली शोधून काढली होती. गाईचं तोंड आभाळाकडे करायचं, जीभ बाहेर ओढायची आणि बाटली रिकामी करायची, असा माझा साधा, सुटसुटीत बेत होता. तो फोनवर ऐकूनच डॉक्टर ओरडल्या, "कुणालाही बाटली हातात घेऊ देऊ नका!" मान अशी वर केली आणि जीभ धरून ठेवली की गाईला नीट गिळता येत नाही, तेल पोटाऐवजी श्वासनळीतून फुप्फुसात उतरतं आणि पोटफुगीवर न्यूमोनियाची भर पडते. मामींनी माझ्याकडे पाहून बाटली काढून घेतली. त्या नजरेत सुट्टी संपल्याची सूचना होती.

"मी येईपर्यंत तिला बसू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचे पाय चढावर येतील असं उभं करा." पुढचा भाग उंच राहिला की पोटातल्या वायूला वर सरकून ढेकरेच्या वाटेनं निघायला जरा सोपं जातं. गोठ्याबाहेर मातीचा छोटा उंचवटा होता. अंतर वीस पावलं. मामी म्हणाल्या, "ने तिला."

मी कासरा घेतला, पकड पक्की राहावी म्हणून मनगटाला दोन वेढे दिले आणि पुढून ओढलं. चांदणीनं चारही पाय रोवले. मी आणखी ओढलं. तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्यात राग नव्हता, कुतूहल होतं. मग कुठेतरी पत्रा वाजला, ती दचकून मागे सरली आणि मनगटासह मी तिच्याकडे गेलो, अडीच पावलं, त्यातलं शेवटचं हवेतून. कासरा हाताला गुंडाळायचा नाही, हा जनावर हाताळण्यातला पहिला धडा मला अशा रीतीनं जमिनीवरूनच मिळाला. मुठीत धरलेली दोरी सोडता येते. गुंडाळलेली दोरी आपल्याला सोडत नाही.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. चणीनं माझ्या खांद्याएवढ्या, हातात एक बॅग, काखेत प्लॅस्टिकची लांब नळी. त्यांनी आधी गाईचा श्वास पाहिला, मग डोळे, मग मला. "वेळ आहे," असं त्या गाईबद्दल म्हणाल्या. गाय कोसळायला आली असती तर त्यांनी थेट डाव्या भकाळीत ट्रोकार, म्हणजे नळीत बसवलेला टोकदार सुळा, खुपसून वायूला वाट करून दिली असती. तेवढी पाळी आली नव्हती.

"ओढता कशाला?" त्या म्हणाल्या. त्यांनी मला कासरा सैल धरून बाजूला उभं केलं आणि स्वतः चांदणीच्या तोंडाकडून खांद्याजवळून शेपटीच्या दिशेनं सावकाश चालत गेल्या. हात लावला नाही, आवाज केला नाही. गाय गपचूप पुढे चालू लागली. गाईचा खांदा ही जणू सरहद्द असते. माणूस त्याच्या पुढे उभा राहिला तर ती मागे सरते, मागे गेला तर पुढे निघते. मी दहा मिनिटं तिच्या नाकासमोर उभा राहून तिला मागे जायला सांगत होतो आणि पुढे ये म्हणून ओढत होतो. गाईनं मला वेडा ठरवलं असेल तर तिचं काय चुकलं?

उंचवट्यावर खुंटाला बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत शिकलेली, कधीही न सुटणारी गाठ मारली. डॉक्टरांनी ती नखांनी सोडवली आणि टोक ओढलं की झटक्यात सुटेल अशी मारली. जनावर पडलं, गळफास बसायला लागला, तर सोडायला काही सेकंदच मिळतात. माझ्या गाठीचं कौतुक कुणीच केलं नाही.

"जरा धरता का?" आता टेपचं टोक होतं. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि गाईला काट्यावर उभं करता येत नाही, म्हणून टेप. पुढच्या पायांमागून छातीचा घेर ६६ इंच. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी ६० इंच. घेराचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं, ६६० नं भागायचं, उत्तर किलोत. मोबाइलवर हिशेब मीच केला: ३९६. हा आकडा पुढे माझ्या फार जवळचा होणार होता.

मग ताप. डॉक्टरांकडे पाऱ्याचा जुना थर्मामीटर होता आणि त्याला दोरा बांधून टोकाला चिमटा लावलेला होता. चिमटा शेपटीच्या केसांना अडकवतात. न अडकवल्यास थर्मामीटर आत ओढला जातो किंवा शेणाबरोबर बाहेर पडून फुटतो, आणि दोन्ही प्रसंगी शोधाशोध धरणाऱ्याकडेच येत असावी. मी मागून गेलो. हा दुसरा गुन्हा. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं. जी थोडी फट उरते ती बरोबर शेपटीमागे, आणि अख्खं वर्तुळ मोकळं सोडून मी त्या फटीतून चालत आलो होतो. लाथ आली. घोडा सरळ मागे झाडतो. गाय पाय आधी पुढे घेते आणि मग बाहेरून कोयत्यासारखा फिरवते. ती माझ्या पँटला चाटून गेली.

"एक तर लांब राहा, नाही तर अगदी चिकटून," डॉक्टर म्हणाल्या. मधल्या अंतरावर लाथेला पुरता वेग येतो. चिकटून उभ्या असलेल्याला फक्त ढकलाढकल बसते. मी बरीच वर्षं माणसांशी मधलं अंतर राखून वागत आलोय, त्यामुळे हे जड गेलं. पण पाठीवर हात ठेवत, तोंडानं काहीबाही बोलत बाजूनं आलो आणि कुशीला चिकटून शेपटी धरली. "बुडाशी धरा. टोकाशी धरून पिरगाळू नका, मणका मोडतो."

पारा चढायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात शेपटीच्या खालच्या बाजूला बोटं टेकवून डॉक्टरांनी नाडी मोजली. गाईची नाडी तिथे लागते. मोजून झाल्यावर बहुधा माझा चेहरा बघून दया आली असावी, त्या गप्पा मारू लागल्या. म्हणाल्या, पशुवैद्यकाचं जगातलं पहिलं महाविद्यालय १७६१ साली फ्रान्समध्ये ल्योनला निघालं, ते काढणारा क्लोद बुर्जला हा घोडेस्वारीची शाळा चालवणारा गृहस्थ. म्हटलं, म्हणजे लाथ खाल्लेला माणूस, विश्वास ठेवायला हरकत नाही. त्या काळी युरोपभर गुरं मारत सुटलेली बुळकांडी हे त्या महाविद्यालयामागचं एक मोठं कारण. ती बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. २५० वर्षं! त्या २५० वर्षांत टोचलेल्या प्रत्येक गुराला कुणीतरी धरलं असणार. बुर्जलाचं नाव राहिलं. धरणाऱ्यांचं?

मी या विचारात असताना चांदणीनं शेण टाकलं. शेपटी माझ्याच हातात असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. ताप १०१.५, म्हणजे नॉर्मल. फॅरनहाइट. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला होता, पण गाय आपल्यापेक्षा मुळातच गरम असते.

नंतरच्या पाच मिनिटांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चांदणी माझ्या पायावर उभी राहिली.

आधी काहीच कळलं नाही. बुटावर कुणीतरी हळूच हात ठेवावा तसं वाटलं. मग तिनं वजन टाकलं. ३९६ भागिले ४ म्हणजे ९९ किलो, हे गणित डोक्यात आपोआप झालं. पुढच्या पायांवर भार जरा जास्तच असतो ही माहिती डॉक्टरांनी नंतर दिली, तेव्हा तिचा उपयोग नव्हता. खुराच्या दोन फाळ्यांमधून माझा अंगठा बाहेर डोकावत होता. मी पाय ओढला. ती आणखी रेलली. मी "हट्" म्हणालो, "सरक" म्हणालो, शेवटी "प्लीज"ही म्हणालो. गाईच्या चेहऱ्यावर ऑफिसात फाइलवर बसलेल्या माणसाची शांतता होती.

"पाय ओढू नका, खांदा लावा!" डॉक्टर पलीकडून म्हणाल्या. जिच्याखाली आपण सापडलोय तिच्याच अंगावर रेलायचं, हे मनाला पटत नव्हतं. पण खांदा तिच्या खांद्याला लावून पलीकडच्या बाजूला दाबलं, तिनं भार दुसऱ्या पायावर घेतला आणि खूर सहज उचललं. उपकार केल्यासारखं. मामी म्हणाल्या, "काही मोडलं नाही ना?" मी नाही म्हणालो. त्या चांदणीचा पाय बघत होत्या.

"आता तोंड जरा धरता का?"

गाईच्या वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, टणक हिरडी असते, हे ऐकून मी हुरळलो. मागे दाढा असतात हे डॉक्टरांनी पुढच्या वाक्यात सांगितलं. नळी चावली जाऊ नये म्हणून मध्ये भोक असलेला लाकडी ठोकळा तोंडात आडवा बसवायचा आणि तो धरून ठेवायचा मी. डावा हात तिच्या डोक्यावरून, डोकं माझ्या बरगडीशी आवळलेलं, अंगठा आणि बोट नाकपुड्यांत, मधला पडदा चिमटीत. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ तयार करते. त्या सकाळच्या उत्पादनातला मोठा वाटा माझ्या बाहीतून कोपरापर्यंत आणि तिथून अंतर्भागात गेला. ती गरम असते, बुळबुळीत असते आणि तिला चघळलेल्या गवताचा वास येतो. तिचा डोळा माझ्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होता. लांब पापण्या, आडवी बाहुली. त्या डोळ्यात मी वाकडा दिसत होतो.

नळी घशातून सरकली. ती श्वासनळीत गेली नाही ना, हे डॉक्टरांनी बाहेरच्या टोकाचा वास घेऊन पक्कं केलं. वास बरोबर होता, म्हणजे भयंकर होता. थोडा वायू फसफसत निघाला आणि मग नुसता फेस. कोवळा, ओला लसूणघास पोटात आंबला की वायूचे लाखो बारीक बुडबुडे होतात, ते एकत्र येत नाहीत आणि म्हणून ढेकर येत नाही. त्यावर इलाज तेलच, पण नळीतून. सकाळी मी आणलेलीच बाटली डॉक्टरांनी नळीला लावलेल्या नरसाळ्यात ओतली. मामींकडे मी मुद्दाम पाहिलं. त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

याच वेळी कुंपणापाशी गर्दी केलेल्या बघ्यांपैकी एकानं सिगारेट काढून काडी ओढली. डॉक्टर नळी न सोडता अशा गरजल्या की काडी आपोआप विझली असावी. गाईच्या पोटातल्या वायूत मिथेन असतो आणि तो पेट घेतो. नळीचं तोंड माझ्या कानाशी होतं. पुढे कितीतरी वेळ मी त्या माणसाच्या खिशावर डोळा ठेवून होतो.

नंतर फिरवणं. अर्धा तास मी आणि चांदणी गोठ्याभोवती फेऱ्या मारत होतो, कासरा सैल, मुठीत, मनगट मोकळं. अकराव्या फेरीला तिनं मान पुढे काढली आणि ढेकर दिली. खोल विहिरीतून आल्यासारखी, लांबलचक, सरळ माझ्या तोंडावर. लोक अभिनंदन करायला आले ते तिचं.

डॉक्टरांनी माझी मूठ तिच्या डाव्या भकाळीत दाबून ठेवली. "दोन मिनिटं थांबा. मोजा." काहीच नाही. मग आतून, फार खोलातून, कातडीखालून काहीतरी वळत वर आलं आणि त्यानं माझी मूठ उचलली. सावकाश, पाण्याखाली म्हैस कूस बदलते तशी. पुन्हा खाली. थोड्या वेळानं पुन्हा. कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारं तिचं पहिलं मोठं पोट, कामाला लागलं होतं. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा हललं की ठीक असतं. मी तिसरी लाट येईपर्यंत मूठ काढली नाही, आणि खरं सांगायचं तर चौथीसाठीही थांबलो.

दुपारी लंगडत पाणी प्यायला आत गेलो तर मामी फोनवर बहिणीला सगळं सांगत होत्या. "डॉक्टर आल्या गं, नळी घातली, वाचली एकदाची. हाल काय झाले विचारू नकोस. धरायला घरात कुणी नव्हतं ना. नाही नाही, भाचा होता फक्त."