‘जुने गेम कुणी खेळतच नाही’ या दाव्याला उत्तर

५ जून २०२५ ला निन्टेन्डो या गेम कंपनीचं स्विच २ हे हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र, बाजारात आलं आणि तेव्हापासून एक मत फार जोरात फिरतंय. नव्या हँडहेल्डवर जुने गेम चाललेच पाहिजेत, हा हट्ट म्हणे निरर्थक आहे. जुने गेम प्रत्यक्षात कुणी खेळत नाही. ती सोय दिली की यंत्र महागतं आणि जुन्या तंत्रात अडकून पडतं. ज्याला जुनं हवंय त्याने जुनं यंत्र जपावं. विक्रीवर या सोयीचा काडीचाही परिणाम होत नाही. आणि स्विच २ वर तर जुने गेम चालतातच, तरी लोक कुरकुरतात, म्हणजे त्यांना नुसती तक्रारच करायची आहे.

हे मत पटवून घेतलं, तर पैसे मोजून जमवलेला गेमचा साठा दर सहा-सात वर्षांनी कंपनीच्या मर्जीवर सोडायला आपण स्वतःहून तयार होतो. म्हणून एकेक मुद्दा नीट बघूया.

‘कुणी खेळत नाही’ म्हणताना दोन दाखले हमखास दिले जातात. २०१७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन विभागातले वरिष्ठ अधिकारी जिम रायन ‘टाइम’ साप्ताहिकाशी बोलताना म्हणाले होते, की ही सोय मागतात पुष्कळ जण, पण वापरली फारशी जात नाही. त्याच वर्षी ‘आर्स टेक्निका’ या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटने मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनच्या वापराची आकडेवारी छापली. त्यात आधीच्या एक्सबॉक्स ३६० च्या जुन्या गेमवर गेलेला वेळ एकूण वापराच्या जेमतेम दीड टक्का निघाला. आकडा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. एक्सबॉक्स वनवर तेव्हा जुन्या गेमपैकी काहीच चालायचे, तेही कंपनी एकेक तपासून परवानगी देईल तसे. शिवाय ‘एकूण वापरा’त व्हिडिओ बघण्याचा वेळही धरलेला होता. आणि मुख्य म्हणजे हे सगळं टीव्हीला जोडायच्या कन्सोलबद्दल आहे. हँडहेल्ड घरात हातोहात फिरतं. ताईचा जुना गेम बॉय (निन्टेन्डोचं जुनं हँडहेल्ड) धाकट्याकडे जातो, त्याच्याबरोबर यंत्रात घालायच्या गेमच्या कार्ट्रिजचा डबाही जातो, आणि पुढचं यंत्र घेताना घरात पहिला प्रश्न येतो तो हाच, की यातलं काय काय चालेल?

या सोयीचं मोल मिनिटांत मोजणंच चूक आहे. तिचा खरा उपयोग होतो तो यंत्र विकत घेण्याच्या दिवशी आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षात, जेव्हा नव्या यंत्रासाठी बनवलेले गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. स्विच २ च्या पहिल्या दिवशी निन्टेन्डोचा मोठा नवा गेम एकच होता, मारिओ कार्ट वर्ल्ड. बाकी जे काही लोक खेळत होते, त्यातलं बरंचसं आधीपासून त्यांच्याकडे होतं.

आता महागाईचा मुद्दा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा मुद्दा मांडणाऱ्यांनी हँडहेल्डचा इतिहास बहुधा पाहिलेलाच नाही.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स २००१ मध्ये आला. त्याच्या मुख्य चिपमध्ये नवा ३२ बिटचा एआरएम प्रोसेसर होता, आणि त्याच चिपच्या कोपऱ्यात जुन्या गेम बॉयचा ८ बिटचा प्रोसेसरही बसवला होता. कार्ट्रिजच्या खाचेत एक इवलीशी कळ आहे. जुनी कार्ट्रिज आत सरकवली की तिच्या आकारामुळे ती कळ दाबली जाते, ५ व्होल्टचा पुरवठा सुरू होतो आणि जुना प्रोसेसर काम हातात घेतो. अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजचे कोपरे कापलेले असतात. ती घातली की कळ तशीच राहते, वीज ३.३ व्होल्टची जाते आणि नवा प्रोसेसर चालतो. प्लॅस्टिकचा आकार आणि एक कळ, एवढ्यावर १९८९ पासूनचे गेम बॉयचे गेम नव्या यंत्रात चालले. पडदा जास्त रुंद होता, म्हणून बाजूची बटणं दाबून चित्र ताणता यायचं किंवा मूळ आकारात ठेवता यायचं. आणि किंमत? अमेरिकेत पहिला गेम बॉय ९० डॉलरच्या आसपास होता, बारा वर्षांनी आलेला अ‍ॅडव्हान्स १०० च्या आसपास.

तो जुना भाग नुसता जागा अडवून बसलेला नव्हता हेही लक्षात घ्या. गेम बॉयची आवाज काढणारी यंत्रणा अ‍ॅडव्हान्सचे नवे गेमही वापरायचे. निन्टेन्डोच्या पुढच्या, २००४ च्या डीएस या हँडहेल्डमध्ये अ‍ॅडव्हान्सचा एआरएम ७ प्रोसेसर तसाच ठेवला. अ‍ॅडव्हान्सचा गेम घातला की तो गेम चालवायचा, आणि डीएसचा गेम चालू असला की आवाज आणि वाय-फायसारखी कामं सांभाळायचा. त्याच्यानंतरच्या, २०११ च्या थ्रीडीएसमध्ये हीच साखळी आणखी पुढे गेली. त्यावर डीएसचे गेम ताणून किंचित धूसर दिसायचे, पण गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरलं की चित्र मूळ आकारात, टोकदार दिसायचं. ज्याने हे ठेवलं त्याने जुन्या गेमची कदर केली होती, असं मला मनापासून वाटतं. जुनं सांभाळल्यामुळे नवं अडलं, असं या वीस-बावीस वर्षांत कुठेही दिसत नाही.

हो, उलट उदाहरण आहे आणि ते मान्य करायला हवं. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्ये प्लेस्टेशन २ च्या चिप बसवल्या होत्या, ते यंत्र अमेरिकेत ५९९ डॉलरपर्यंत गेलं, आणि खर्च कमी करायला सोनीने पुढे त्या चिप काढल्या. तिथे ही सोय खरंच महाग पडली. पण हे टीव्हीच्या कन्सोलचं आणि फार वेगळ्या घडणीच्या चिपचं उदाहरण आहे. ते हँडहेल्डला लावायला डीएस आणि थ्रीडीएस नजरेआड करावे लागतात. स्विच २ मध्येही जुन्या स्विचची चिप नाही. ग्राफिक्सचा भाग वेगळ्या पिढीचा आहे, आणि जुन्या गेमच्या सूचना खेळता खेळताच नव्या चिपला कळतील अशा रूपात बदलल्या जातात. अवघड काम आहे, पण होण्यासारखं होतं आणि झालं.

‘जुनं यंत्र जपून ठेवा’ हा सल्ला ऐकायला फार सोपा वाटतो. सोनीचं पीएसपी हे हँडहेल्ड ज्यांनी कपाटात ठेवलं त्यांना विचारा. बॅटरी फुगते, मागचं झाकण उचललं जातं, आणि कंपनीची नवी बॅटरी मिळत नाही. पीएसपीचे गेम यूएमडी नावाच्या छोट्या चकत्यांवर यायचे. २०११ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या व्हिटा या सोनीच्या पुढच्या हँडहेल्डमध्ये ती चकती घालायला जागाच नव्हती. चकती दाखवून, थोडे पैसे भरून त्याच गेमची डिजिटल प्रत घेण्याची योजना सोनीने काढली, पण फक्त जपानपुरती. बाकी जगातल्या लोकांच्या चकत्या तिथेच संपल्या.

डिजिटल खरेदीचं तर आणखीच कठीण आहे. मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएसपी, प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा या तिन्हींची ऑनलाइन दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं. ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात शेवटची दोन ठेवायचं ठरलं. थ्रीडीएसचं ई-शॉप हे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, त्या यंत्राचा ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये. आपल्याकडे तर निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही. यंत्र परदेशातून कुणीतरी आणलेलं किंवा आयातवाल्या दुकानदाराकडून घेतलेलं असतं. ते बिघडलं की कंपनीच्या सेवा केंद्राचा प्रश्नच येत नाही, ओळखीचा कुणी रिपेअरवाला गाठायचा आणि सुटा भाग मिळेपर्यंत थांबायचं. अशा ग्राहकाला ‘जुनं यंत्र जपा’ म्हणणं म्हणजे जबाबदारी त्याच्याच गळ्यात घालणं आहे.

विक्रीचा मुद्दा मात्र या दाव्यातला सगळ्यात भक्कम आहे. निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर आधीच्या वी कन्सोलचे जवळजवळ सगळे गेम चालायचे. वी १० कोटींवर विकला गेला, वी यू १.३६ कोटींवर थांबला. त्यानंतरच्या २०१७ च्या स्विचवर ना वी यूचे गेम चालले ना थ्रीडीएसचे, आणि तो १५ कोटींच्या पुढे गेला. म्हणजे जुने गेम चालतात एवढ्यावर यंत्र विकलं जात नाही, हे खरंच. पण ग्राहकाला फरक पडत नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही. स्विचचं यश ज्या गेमवर उभं राहिलं त्यात मारिओ कार्ट ८ डिलक्स होता. मूळ गेम वी यूवर २०१४ मध्ये आला होता आणि ८४ लाखांच्या आसपास विकला गेला होता. स्विचवर तो साडेसहा कोटींच्या वर गेला. बहुतेकांनी तो पहिल्यांदाच घेतला, पण ज्यांच्याकडे वी यूचा होता त्यांना पुन्हा पूर्ण किंमत मोजावी लागली. जुना गेम नव्या यंत्रावर लोकांना हवा असतो याचा याहून मोठा पुरावा कुठला? प्रश्न उरतो तो फक्त दुसऱ्यांदा पैसे कुणी द्यायचे, एवढाच.

आणि खुद्द निन्टेन्डोचं वागणं बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या यंत्राचं नावसुद्धा जाहीर झालं नव्हतं, चित्र दाखवलं नव्हतं, किंमत सांगितली नव्हती. तेव्हा अध्यक्ष फुरुकावा यांनी एक गोष्ट आधी सांगून टाकली, की स्विचचे गेम त्यावर चालतील. ज्याचा विक्रीशी संबंध नाही अशी गोष्ट कुठलीही कंपनी सगळ्यात आधी सांगत नाही.

आता शेवटचा आक्षेप, ‘दिलंय ना, मग कुरकुर कशाला?’ दिलंय, आणि चांगलं दिलंय, हे मी म्हणतोच. सुपर मारिओ ओडिसी, पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट यांना मोफत अपडेट मिळालं आणि दोन्ही पोकेमॉन आता खरंच सुरळीत चालतात. तरी तक्रारी खऱ्या आहेत. ब्रेथ ऑफ द वाइल्ड आधीच विकत घेतलेल्यांनी सुधारित रूपासाठी १० डॉलर आणखी भरायचे, नाहीतर निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी. यंत्र बाजारात आलं तेव्हा, ज्या गेमला अपडेट नव्हतं त्याचं ७२० ओळींचं चित्र हातातल्या १०८० ओळींच्या पडद्यावर ताणलं जायचं आणि जुन्या स्विचपेक्षा मऊ दिसायचं. रिंग फिट या व्यायामाच्या गेमच्या गोल कड्यात नवे जॉय-कॉन (स्विचचे सुटे कंट्रोलर) बसत नाहीत, जुनेच लागतात. नव्या यंत्राला जुने जॉय-कॉन अडकवायची पट्टी नाही, त्यामुळे त्यांच्या चार्जिंगची सोय वेगळी बघावी लागते. जुनं मायक्रो एसडी कार्ड फक्त फोटो आणि व्हिडिओ काढून घ्यायला चालतं, गेम साठवायला मायक्रो एसडी एक्सप्रेसच हवं. ‘चालतं’ या एका शब्दात यातलं काहीच कळत नाही, म्हणून लोक बोलतात.

आणि खरी काळजी पुढच्या यंत्राची आहे. स्विच २ च्या बऱ्याच खोक्यांत आता गेम-की कार्ड असतं. ते घातलं तरी गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावाच लागतो, कार्ड फक्त किल्लीचं काम करतं. स्ट्रीट फायटर ६ असा येतो. त्याच यंत्रावरचा सायबरपंक २०७७ मात्र अख्खा ६४ जीबीच्या कार्डावर येतो, म्हणजे इच्छा असली तर जमतं. किल्लीवाला गेम आज पुन्हा विकता येतो, मित्राला देता येतो. पण सर्व्हर बंद झाल्यावर पुढच्या यंत्रात ते कार्ड बसलं तरी उतरवायला गेम नसेल. थ्रीडीएसच्या दुकानाचं काय झालं ते डोळ्यांसमोर असताना ही भीती कुणी उगाच म्हणू नये.

आपल्याकडे बराच व्यवहार जुन्या, वापरलेल्या कार्ट्रिजचा असतो, म्हणून घेताना खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली बघा. गेम-की कार्ड असेल तर तिथे पांढऱ्या पट्टीवर तसं छापलेलं असतं. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत तेवढाच भाग कापलेला असेल, तर पैसे पाठवण्याआधी पूर्ण कव्हरचा दुसरा फोटो मागवा.